तिसऱ्या घंटेच्या आधी

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांपुढे 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला असे आपण मानतो. सूत्रधाराने पदे म्हणायची, विदूषकाने हसवायचे, देव-राक्षसांनी आरडाओरडा करत यायचे आणि बरीचशी भाषणे पात्रांनी जागच्या जागी रचायची, असा तो सगळा मामला होता. कुणी आधी वाचायला मागितली असती तर दाखवायला पुरती लिहिलेली संहिताही नव्हती.

त्याच १८४३ साली लंडनमध्ये पार्लमेंटने 'थिएटर्स अ‍ॅक्ट' मंजूर केला. कोणतेही नवे नाटक रंगभूमीवर आणण्याआधी त्याची प्रत राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे द्यायची आणि त्याने होकार दिला तरच प्रयोग करायचा, हा नियम त्या कायद्याने पक्का केला. नियम मुळात शंभर वर्षे जुना होता. १७३७ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल नाटकवाल्यांच्या चेष्टेने जेरीस आला होता आणि त्याने तो आणला. त्याला सर्वांत जास्त बोचणारा नाटककार होता हेन्री फील्डिंग. कायदा झाला आणि फील्डिंगची नाटके थांबली. तो वकिलीकडे वळला, कादंबऱ्या लिहू लागला आणि 'टॉम जोन्स'सारखी कादंबरी लिहून इंग्रजी साहित्यात अमर झाला. कादंबरीला कुणाची आगाऊ परवानगी लागत नव्हती.

फील्डिंगच्या या वळणात नाटकाच्या कायद्याची सगळी गोष्ट आहे. इंग्रजी कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने अठराव्या शतकातच लिहून ठेवले होते की छपाईचे स्वातंत्र्य म्हणजे छापण्याआधी कुणी अडवायचे नाही. छापल्यावर गुन्हा घडला असेल तर खुशाल खटला भरावा. पुस्तक आणि वर्तमानपत्र यांना हा न्याय हळूहळू मिळाला. नाटकाला मिळाला नाही. नाटकाने आधी स्वतःला तपासून घ्यायचे, मगच तोंड उघडायचे. हा फरक इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला, इंग्रज गेल्यावरही राहिला, आणि महाराष्ट्रात तो अजून चालू आहे.

हिंदुस्थानात त्याला निमित्त झाले कलकत्त्यात. १८७५-७६ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होता. कलकत्त्याचे वकील जगदानंद मुखोपाध्याय यांनी त्याला घरी बोलावले आणि घरातल्या बायकांनी पडदा बाजूला सारून त्याचे स्वागत केले. परक्या माणसाला थेट माजघरात नेल्याने शहरभर बोभाटा झाला. ग्रेट नॅशनल थिएटरने फेब्रुवारी १८७६ मध्ये त्यावर 'गजदानंद ओ युवराज' नावाचे प्रहसन रंगवले. पोलिसांनी ते बंद पाडले. मंडळींनी नाव बदलून 'हनुमान चरित्र' म्हणून तेच पुन्हा केले, तेही बंद. मग त्यांनी पोलिसांवरच प्रहसन काढले. शहराच्या पोलीस आयुक्ताचे आडनाव हॉग आणि अधीक्षकाचे लँब. इंग्रजीत एक डुक्कर, दुसरे कोकरू. प्रहसनाचे नाव ठेवले 'द पोलीस ऑफ पिग अँड शीप'.

यानंतर सरकारने वेळ घालवला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी २९ फेब्रुवारी १८७६ रोजी वटहुकूम काढला. चारच दिवसांनी पोलिसांनी थिएटरवर छापा घातला. दिग्दर्शक उपेंद्रनाथ दास आणि व्यवस्थापक अमृतलाल बसू यांना 'सुरेंद्र-बिनोदिनी' या दुसऱ्याच नाटकातील अश्लीलतेबद्दल एक महिन्याची साधी कैद झाली. उच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. म्हणजे नाटकावर खटला भरला आणि न्यायाधीशापुढे पुरावा मांडायची वेळ आली की सरकार हरते, हे तेव्हाच दिसून आले. कदाचित म्हणूनच डिसेंबरात वटहुकुमाचा कायदा होताना खटल्याची भानगड फारशी ठेवली गेली नाही.

तो कायदा म्हणजे १८७६ चा एकोणिसावा अधिनियम, नाट्यप्रयोग अधिनियम. नाटक कुणाची बदनामी करणारे आहे, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारे आहे किंवा हजर असलेल्यांची नीती बिघडवणारे आहे 'असे सरकारचे मत झाले' की सरकारने ते बंद करायचे. सरकारचे मत हाच पुरावा. हुकूम मोडून प्रयोग केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. पोलिसांना थिएटरात शिरून नट पकडता येत, शिवाय पडदे, कपडे, सामानसुमानही उचलून नेता येई. एखाद्या भागात सरकारला वाटले तर परवान्याशिवाय नाटकच होऊ नये आणि परवान्यासाठी संहिता आधी दाखवावी, अशीही सोय त्यात होती. धार्मिक उत्सवांतल्या जत्रांच्या खेळांना मात्र कायदा लागू नव्हता. देवाच्या नावाने होणाऱ्या गर्दीला हात लावायची सरकारची छाती नव्हती. तिकीट काढून बसलेल्या गर्दीची मात्र त्याला भीती होती.

दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी असाच जाचक कायदा केला. त्याच्याविरुद्ध देशभर ओरड झाली आणि लॉर्ड रिपनच्या काळात, चार वर्षांत, तो रद्दही झाला. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात त्या कायद्यावर परिच्छेद असतो. नाटकांचा कायदा त्याच्या दोन वर्षे आधीचा. तो तब्बल एकशे एकेचाळीस वर्षे टिकला आणि त्याचे नाव पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. संपादकांना लेखणी होती, सभा होत्या, पुढारी होते. नाटक मंडळ्या बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या; आजचा प्रयोग रद्द झाला तर उद्याच्या जेवणाची पंचाईत. त्यांच्यासाठी कोण भांडणार?

काही नाटके तर कायद्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, हेही इथे सांगितले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. शेतकरी कुणब्याला भोळेपणात लुबाडणारा जोशी त्यात आहे. ते दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेले, कमिटीने नाकारले आणि सव्वाशे वर्षे ते कागदावर पडून राहिले. छापले गेले १९७९ मध्ये. तिथे ना पोलीस होते ना सरकारी हुकूम. कमिटीतल्या मंडळींची नापसंती पुरली.

मराठी रंगभूमीवर त्या १८७६ च्या कायद्याचा खरा घाव बसला 'कीचकवधा'वर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'केसरी'त टिळकांचे सहकारी होते. १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालचे दोन तुकडे केले आणि देशात जी आग पेटली, तिच्या धगीत त्यांनी हे नाटक लिहिले. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, घराघरांत माहीत असलेली. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री म्हणून विराटाच्या राणीची दासी झाली आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्यावर हात टाकतो. युधिष्ठिर म्हणतो, सबुरीने घ्या, अज्ञातवास मोडेल. मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेला भीम ऐकत नाही आणि कीचकाला ठार करतो.

नाटकात इंग्रजांचे नाव कुठेच नाही, कर्झनचे नाही, बंगालचेही नाही. पण सत्ता हाती आहे म्हणून मातलेला तो सेनापती कोण, भर दरबारात अपमान झालेली स्त्री कोण, अर्ज-विनंत्यांवर विसंबणारा थोरला भाऊ कोण आणि मनगट आवळणारा धाकटा कोण, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फूट त्याच वर्षी सुरतेला पडली. रोजच्या वर्तमानपत्रातला वाद संध्याकाळी गदा घेऊन समोर उभा राहत होता. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्याही छातीत तो शिरत होता, आणि नेमकी याचीच सरकारला धास्ती होती.

लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल तेव्हा हिंदुस्थानातल्या असंतोषाचा शोध घेत हिंडत होता. त्याच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात 'कीचकवधा'चे वर्णन आहे: कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, अशी फोड करून. टीकाकार म्हणून चिरोल बरोबरच होता. नाटककाराला जे म्हणायचे होते ते त्याने अचूक ओळखले. याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनच्या न्यायालयात चिरोलवर बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले.

चिरोलचे पुस्तक येण्याआधीच नाशिकला एक घटना घडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात, बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या सन्मानार्थ नाटक लावले होते. अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या तरुणाने तिथेच जॅक्सनला गोळ्या घातल्या. नाटक होते देवलांचे 'संगीत शारदा'. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती गोष्ट. राजकारणाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण थिएटर, गर्दी आणि रक्त ही तीन चित्रे सरकारच्या मनात एकत्र झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, 'कीचकवधा'चे प्रयोग बंद करण्याचा हुकूम निघाला.

खाडिलकरांवर या नाटकासाठी खटला झाला नाही. त्यांना आरोपी केले असते तर बचाव करता आला असता. कीचकाचा वध महाभारतातलाच आहे, व्यासांना आरोपी करा, असे कुणी वकील म्हणू शकला असता. पंचांना भाषांतर वाचून दाखवावे लागले असते. वर्तमानपत्रांत रोजची हकिकत छापून आली असती. दोन वर्षांपूर्वी टिळकांनी मुंबईच्या न्यायालयात स्वतः उभे राहून दिवसच्या दिवस भाषण केले होते. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तरी त्या भाषणाने देश हलला होता. नाटकाच्या बाबतीत असला मंच सरकारला द्यायचाच नव्हता. एका हुकुमाने काम झाले आणि पुढची कैक वर्षे भीमाला मुदपाकखान्यातून बाहेर येता आले नाही.

खाडिलकर १९११ मध्ये 'मानापमान' घेऊन आले. गाण्यांनी भरलेले, बालगंधर्वांच्या भामिनीने अजरामर केलेले, आणि सरकारच्या डोळ्यांवर न येणारे. एवढ्यावरून त्यांनी लेखणी गुंडाळली असे म्हणता येणार नाही. १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' काढला आणि १९२९ मध्ये त्यातल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली वर्षाची शिक्षा भोगायला गेले. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हा आहेत. वर्तमानपत्राच्या वेळी आरोपपत्र, न्यायाधीश, युक्तिवाद, निकाल. नाटकाच्या वेळी नुसता कागद.

स्वातंत्र्य आले, १९५० मध्ये राज्यघटना आली. एकोणिसाव्या कलमाने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडाने त्याच्या मर्यादाही सांगितल्या. पहिल्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. मुंबईहून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात मज्जाव केला होता. दिल्लीत 'ऑर्गनायझर'ला छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याचा हुकूम होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी दोन्ही हुकूम रद्द केले. लगेच १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणे मर्यादांच्या यादीत नव्याने आली. मात्र निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे, हा शब्दही त्याच वेळी घातला गेला. तो एक शब्द पुढे फार उपयोगी पडला.

१८७६ च्या कायद्याला या शब्दाशी टक्कर घ्यावी लागली लखनौमध्ये. १९५३ साली तिथल्या 'इप्टा' या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी प्रेमचंदांच्या 'ईदगाह' या गोष्टीचे नाटक लावले. जत्रेला गेलेला हमीद नावाचा पोरगा खेळणी न घेता, भाकऱ्या भाजताना आजीचे हात पोळू नयेत म्हणून चिमटा घेऊन येतो, एवढी ती गोष्ट. प्रयोग चालू असताना बंदीचा कागद आला. मंडळींनी नाटक थांबवले नाही आणि खटला उभा राहिला. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा जुना कायदा घटनेशी विसंगत ठरवला. ज्याच्याविरुद्ध हुकूम निघतो त्याला आधी म्हणणे मांडायची संधी नाही, हुकुमावर दाद मागायची धड वाट नाही, हा त्यातला मुख्य दोष होता. कलकत्त्यात जे जाणूनबुजून वगळले गेले, ते ऐंशी वर्षांनी न्यायालयाने नेमके दाखवून दिले.

मुंबई राज्यात तोवर वेगळी व्यवस्था उभी राहिली होती. ज्या १९५१ साली घटनादुरुस्ती झाली त्याच साली मुंबई पोलीस अधिनियम आला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे तेहतिसावे कलम उघडून पाहावे. रस्त्यावरची रहदारी, गुरे हाकणे, मिरवणुका, खानावळी, यांचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांना त्यात आहे. आणि त्याच कलमात पुढे संगीत, नृत्य, नकला, नाटके, मेळे, तमाशे यांनाही परवाना द्यायचा, आणि प्रयोगाची व संहितेची सरकारने नेमलेल्या मंडळाकडून आधी तपासणी करून योग्यता प्रमाणपत्र द्यायचे, अशी तरतूद आहे. साहित्याच्या किंवा कलेच्या कायद्यात नाटकाला जागा मिळाली नाही. वाहतुकीच्या शेजारी, पोलिसांच्या अखत्यारीत ते बसले. बृहन्मुंबईसाठी १९६० मध्ये झालेल्या नियमांच्या लांबलचक शीर्षकातही मेळे आणि तमाशे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

तमाशाचे नाव तिथे उगाच आलेले नाही. गावच्या पारावर, यात्रेत, गिरणगावच्या मैदानात वग रंगवणारा सोंगाड्या समोर बसलेल्या गर्दीचा चेहरा पाहून बोलतो. पाटील आला की पाटलावर, फौजदार आला की फौजदारावर. त्याचे आजचे वाक्य कालचे नसते. असल्या कलेची संहिता आधी मागायची म्हणजे तिची जीभच मागायची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही मुंबई सरकारच्या बंदीचा जाच सोसावा लागला. मध्यमवर्गीय नाटकावरच्या 'सेन्सॉर'ची चर्चा मासिकांतून खूप झाली. तमाशातल्या कलावंतांनी जे सोसले त्याची कैफियत मांडणारे मात्र थोडेच निघाले. हा अन्याय कायद्याच्या अन्यायाहून लहान नाही.

संहिता तपासणाऱ्या या सरकारी मंडळाचे पूर्ण नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. नाटकवाले एवढे लांब नाव घेत नाहीत. 'संहिता सेन्सॉरला टाकलीय', 'सेन्सॉर झालं का?', 'नंबर मिळाला का?' अशी त्यांची भाषा. तालमी रंगात आलेल्या असतात, नेपथ्याला आगाऊ रक्कम गेलेली असते, शुभारंभाची जाहिरात तयार असते आणि दिग्दर्शकाच्या हातात कागद पडतो: अमुक पान, तमुक ओळ, हा शब्द गाळावा, ही कृती करू नये. मग नटाला पाठ झालेले वाक्य विसरायला शिकावे लागते. तोंडात बसलेला शब्द काढणे हे नवा शब्द बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे ज्यांनी कधी रंगमंचावर काम केले आहे त्यांना सांगायला नको.

१९७० सालची गोष्ट आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगभूमीवर आणले. बापाच्या पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या भावंडांची ती गोष्ट. दोघे भाऊ आपल्या गरोदर बहिणीच्या, माणिकच्या, पोटावर लाथा घालतात आणि तिचा गर्भ पडतो. तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. मंडळाने या डागावर बोट ठेवले. बराच काथ्याकूट झाला. अखेर डाग राहिला, पण लाल नाही, निळा. आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले जाई की साडीवर दिसणारा निळा डाग आपण लाल समजावा.

त्या थिएटरात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ते निवेदन ऐकल्यापासून तो निळ्या डागाची वाट पाहणार. आणि डाग दिसला की त्याच्या मनात तो कोणत्याही लाल रंगापेक्षा जास्त लाल होणार. तपासनिसांनी झाकायचे ठरवले तेच प्रत्येक प्रयोगाला आधी मोठ्याने सांगितले गेले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे सिनेमाच्या पूर्वतपासणीचा प्रश्न होता. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' या माहितीपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्ये होती आणि त्याला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले होते. सप्टेंबर १९७० मध्ये न्यायालयाने सिनेमाची आगाऊ तपासणी घटनेत बसते असा निकाल दिला. चालती-बोलती चित्रे माणसाच्या मनावर पुस्तकापेक्षा खोल परिणाम करतात, हा त्यामागचा विचार होता. तीच दलील नाटकालाही लावली जाते: जिवंत माणूस समोर आहे, त्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून धोका जास्त. पण जिवंत माणूस समोर असतो म्हणून प्रेक्षकही जिवंत असतो. तो उठून जाऊ शकतो, ओरडू शकतो, टाळ्या नाकारू शकतो, आणि मराठी प्रेक्षकाने हे सगळे वेळोवेळी केलेले आहे.

मार्च १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' आले. छापखान्यात पुस्तके बांधणारा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवतो. लग्नाचे ढोंग त्याला नको असते. निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. दिग्दर्शक कमलाकर सारंग. मोजके प्रयोग होतात न होतात तोच मंडळाने बत्तीस कट सुचवले आणि नाटक थांबले. शिव्या होत्या, दारू होती, चंपा रंगमंचावर साडी बदलते हेही होते. पण मुळात जिव्हारी लागली होती ती एक गोष्ट: घर नावाच्या संस्थेविषयी या बाइंडरला जराही आदर नव्हता आणि त्याचे बोलणे घरा-संसारातल्या प्रेक्षकांनाही ओळखीचे वाटत होते. सारंग उच्च न्यायालयात गेले. त्यांची बाजू अशोक देसाई यांनी मांडली. हेच पुढे देशाचे महान्यायवादी झाले. न्यायालयाने नाटकाची वाट मोकळी केली. त्या दिवसांची हकिकत सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. एका निर्मात्याचे पैसे, तारखा, मनःस्ताप आणि नाटकाच्या चालू असलेल्या श्वासात पडणारा खंड, हे सगळे मिळून बंदीची किंमत किती होते, ते त्यात कळते. महेश एलकुंचवारांच्या 'वासनाकांड'लाही याच सुमारास मंडळाशी झगडावे लागले.

'घाशीराम कोतवाल'ची गोष्ट निराळी. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबले ते सरकारी हुकुमाने नव्हे. नाना फडणवीसांचे चित्रण समाजाला दुखावते म्हणून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेच्याच अध्यक्षांनी ते बंद केले. जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि बाकीची तरुण मंडळी बाहेर पडली, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये घाशीराम पुन्हा नाचला. १९८० मध्ये नाटक युरोपला निघाले तेव्हा पुन्हा विरोध झाला. आक्षेप घेणारा आता सरकारी टेबलामागे बसलेला नव्हता, तो रस्त्यावर उभा होता.

या बदलामुळेच नाट्यव्यवसायातले काहीजण आजही म्हणतात की प्रमाणपत्र असलेले बरे. उद्या कुणी तोडफोड करायला आले, गावच्या फौजदाराने प्रयोग थांबवला, तर दाखवायला कागद असतो. ही भावना समजण्याजोगी आहे. निर्मात्याच्या डोक्यावर कर्ज असते आणि त्याला ढाल हवी असते. पण ती ढाल टिकते का? जुलै १९९८ मध्ये प्रदीप दळवींचे 'मी नथुराम गोडसे बोलतोय' मंडळाची संमती घेऊनच रंगमंचावर आले होते. संसदेत गदारोळ झाला आणि काही दिवसांतच राज्य सरकारने ते थांबवले. बंदी उठायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. गांधीजींच्या खुन्याची बाजू मांडणाऱ्या त्या नाटकातल्या विचारांचा तिटकारा वाटणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या तिटकाऱ्याला सबळ कारणे आहेत. तरीही सरकारनेच शिक्का मारलेले नाटक सरकारनेच बंद केले, ही गोष्ट त्यांनीही विसरू नये. याच्या नऊ वर्षे आधी, १९८९ मध्ये, 'ओरे ओरु ग्रामतिले' या तमिळ चित्रपटाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की निदर्शनांची, हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही. कायदा-सुव्यवस्था राखणे हे राज्याचे काम आहे आणि ते जमत नाही अशी सबब राज्याला सांगता येणार नाही.

अश्लीलता, बदनामी, दोन समाजांत वैर पेटवणे, हिंसेला चिथावणी, यांच्यासाठी फौजदारी कायद्यात कलमे आहेत आणि ती नाटकालाही लागू आहेत. कादंबरीकाराने मर्यादा ओलांडली तर त्याच्यावर खटला होतो. कवीने, व्यंगचित्रकाराने ओलांडली तरी होतो. त्यांना न्यायालयात उभे राहून बोलता येते. नाटककारानेही तसेच उभे राहावे, दोषी ठरला तर शिक्षा भोगावी. प्रश्न मर्यादा असाव्यात की नसाव्यात हा नाही. त्या ओलांडल्या हे कुणी, कधी आणि कुणापुढे सिद्ध करायचे, हा आहे. पूर्वतपासणीत ते नाटक होण्याआधीच, बंद खोलीत, संहिता नुसती वाचून ठरते. रंगमंचावरच्या उच्चाराने, थांबण्याने, उजेडाने त्याच शब्दाचा अर्थ पालटतो, हे कागदावर दिसत नाही.

इंग्लंडने लॉर्ड चेंबरलेनचा हा अधिकार १९६८ साली काढून घेतला. बर्नार्ड शॉचे वेश्याव्यवसायावरचे 'मिसेस वॉरेन्स प्रोफेशन' एकोणिसाव्या शतकात लिहिलेले; त्याचा तिथे पहिला जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडले होते. असल्या अनुभवांची दोनशे एकतीस वर्षे साठल्यावर तिथल्या पार्लमेंटने ही पद्धत मोडीत काढली. 'सखाराम'वर बत्तीस कट आले ते त्यानंतर चार वर्षांनी.

२०१६ साली अमोल पालेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची पोलीस अधिनियमाखालील ही सक्ती घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यावर घाला घालते, असे तिचे म्हणणे. 'वासनाकांड' बसवताना या मंडळाशी झालेली झटापट त्यांनी तरुणपणी स्वतः अनुभवली होती. दीड वर्षाच्या आतच, २०१८ च्या जानेवारीत, केंद्र सरकारने निरुपयोगी झालेल्या शंभराहून अधिक जुन्या कायद्यांचा निकाल एका झटक्यात लावला. डुक्कर आणि कोकरू यांच्या प्रहसनावर चिडून जन्माला आलेला १८७६ चा नाट्यप्रयोग अधिनियम त्या यादीत होता. पोलीस अधिनियमाचे तेहतिसावे कलम त्या यादीत नव्हते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या तालुक्याच्या गावच्या हौशी संस्थेलाही प्रवेशिकेबरोबर परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वेळेत आले नाही, तर पाठांतर पक्के असो, नेपथ्य उभे राहिलेले असो, त्यांची तिसरी घंटा वाजत नाही.